गच्ची, डांबर आणि सांधा

महाराष्ट्रात पाऊस दोन प्रकारांनी पडतो आणि घरांची छपरेही दोन प्रकारांची आहेत. सह्याद्रीच्या पश्चिमेस, कोकणात आणि गोव्यात, छप्पर उतरते असते. कौलांवर पडलेले पाणी पागोळ्यांच्या रूपाने अंगणात उतरते आणि घराचा निरोप घेते. घाट ओलांडून सोलापूर, मराठवाडा किंवा खानदेश या बाजूस गेले की हा उतार नाहीसा होतो व त्याच्या जागी माळवद येते: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या अथवा काटक्या, आणि त्यांवर चोपून बसविलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. कोकणातला गृहस्थ मृगापूर्वी शाकारणी करतो. देशावरचा गृहस्थ त्याच सुमारास माळवदावर खारी माती पसरतो. दोघांचे भय एकच असले तरी दोघांच्या विद्या मात्र अगदी भिन्न आहेत.

कौलारू छपराला असंख्य फटी असतात. कोणत्याही कौलाखाली उभे राहून वर पाहिले तर उजेडाच्या तिरिपी दिसतात, तरीही घर कोरडे राहते. कारण पाण्याला तेथे थांबावयास सवडच मिळत नाही. सपाट छपरावर पाणी थांबते. जे थांबते ते शोध घेते आणि केसाएवढी चीर सापडली तरी तीतून आपली वाट काढते. उतरत्या छपराने पाणी वाहून नेले की त्याचे काम झाले. सपाट छपराला मात्र उथळ भांड्याप्रमाणे निश्छिद्र असावे लागते. असे निश्छिद्र भांडे घराच्या माथ्यावर बांधण्याचा जो दीर्घ प्रयत्न मनुष्याने केला, त्यात एका काळ्या, चिकट व दिसावयास अगदी सामान्य अशा पदार्थाने मोठी कामगिरी बजावली आहे. तो पदार्थ म्हणजे डांबर होय.

या पदार्थाची पारख भारतीय उपखंडात फार जुनी आहे. सिंधमधील मोहेंजोदडो येथे १९२० नंतरच्या दशकात जे महास्नानगृह उकरून काढण्यात आले, ते आज पाकिस्तानात आहे. त्याचा हौद सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. विटा कडेवर उभ्या करून जिप्समच्या गिलाव्यात इतक्या घट्ट बसविल्या आहेत की त्यांच्यामधील फट डोळ्यांस सहसा दिसत नाही. परंतु बांधणाराचा विश्वास तेवढ्यावर नव्हता. आतल्या भिंतीच्या पाठीमागे त्याने सुमारे एक इंच जाडीचा नैसर्गिक डांबराचा थर दिला आणि तो थर जागेवर राहावा म्हणून त्याच्या मागे विटांची आणखी एक भिंत उभी केली. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याला डांबराचे गुण कळले होते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्याचे दोष कळले होते. डांबर पाण्याशी मिसळत नाही, भेगेत शिरते व विटेला घट्ट धरते. पण उन्हाने ते मऊ होऊन ओघळते, थंडीने तडकते आणि उघड्या हवेत हळूहळू शुष्क होते. म्हणून त्याने ते दोन भिंतींच्या मध्ये झाकून ठेवले.

मेसोपोटेमियात तर युफ्रेटिस नदीकाठच्या हीत या गावी डांबराचे झरेच होते. बाबिलोनच्या तटाच्या विटा तापलेल्या डांबरात बसविल्या होत्या व ते डांबर याच भागातून येत असे, ही माहिती ग्रीक इतिहासकार हीरोडोटस याने नोंदवून ठेवली आहे. सपाट छपराच्या दृष्टीने अधिक मोलाचे वर्णन इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात डायोडोरस या लेखकाने केले आहे. बाबिलोनच्या प्रसिद्ध झुलत्या बागेखालील दगडी छतावर प्रथम भरपूर डांबरात भिजविलेल्या वेतांचा थर, त्यावर पक्क्या विटांचे दोन थर, त्यावर शिशाचे पत्रे आणि सर्वांवर झाडांना पुरेल एवढी माती, अशी रचना होती असे तो सांगतो. ती बाग प्रत्यक्षात होती किंवा नाही याविषयी विद्वानांना शंका आहे. परंतु बाग कल्पित ठरली तरी हे वर्णन गवंडीकामाची खरी जाण असलेल्या मनुष्याचे आहे, हे मान्य करावे लागते. डांबर एकटे उभे राहू शकत नाही. त्याच्या पोटात काही धागा, काही काडी असावी लागते, ही गोष्ट त्या वेतांच्या थरात स्पष्ट दिसते. आजच्या डांबरी पट्ट्यातही हेच तत्त्व आहे. वेताच्या जागी पॉलिएस्टर आले, एवढाच फरक.

यानंतर छपराच्या इतिहासात डांबराचे नाव दीर्घकाळ क्वचितच ऐकू येते. ते पुन्हा ऐकू येऊ लागले ते एका वेगळ्याच कारणाने. १८१२ मध्ये लंडनमध्ये कोळशाच्या वायूने रस्ते उजळण्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत युरोप व अमेरिकेतील नगरे वायुदीपांनी झळकू लागली. कोळशापासून वायू काढला की मागे काळा, दुर्गंधी रस उरत असे. त्याचे काय करावे हा वायुगृहांपुढे मोठाच प्रश्न होता. मराठीत या रसालाही डांबर म्हणतात आणि खनिज तेल शुद्ध केल्यावर तळाशी राहणाऱ्या पदार्थालाही डांबरच म्हणतात. वस्तुतः ही दोन निराळ्या कुळांची द्रव्ये आहेत. परंतु बाजाराने व बोलीने त्यांना एकाच नावाखाली नांदविले आहे आणि छपरावर तरी दोघांनी एकच काम केले.

सायलेशिया प्रांतातील हिर्शबेर्ग या गावी, जे आज पोलंडमध्ये येलेन्या गूरा या नावाने ओळखले जाते, सामुएल हॉयस्लर नावाचा पिंपे बनविणारा एक कारागीर होता. पिंपांच्या सांध्यांतून गळती होऊ नये म्हणून त्याने डांबराचे एक मिश्रण तयार केले आणि १८३९ च्या सुमारास तेच मिश्रण कागदाच्या थरांवर थर देऊन छपरावर पसरले. वर वाळू व खडी घातली. पिंपाचा सांधा राखणाऱ्या मनुष्याला छपराचा सांधा राखण्याची युक्ती सुचावी, हे अगदी स्वाभाविक म्हटले पाहिजे. १८४० नंतरच्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी येथे वॉरन बंधूंनीही डांबर, कागद व खडी यांच्या छपरांचा व्यवसाय सुरू केला. पुढे कागदाऐवजी जाड फेल्ट आले, कोळशाच्या डांबराच्या जागी खनिज तेलाचे डांबर आले, त्या डांबरात तापवून हवा फुंकली की ते उन्हाला अधिक टिकते हे कळले, आणि तीन ते पाच थरांचे छप्पर ही एक रूढ पद्धत झाली.

ही पद्धत गैरसोयीची होती. भट्टीवर डांबर सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापवावयाचे, बादल्यांतून ते वर चढवावयाचे, झाडूसारख्या कुंच्याने फासावयाचे आणि ते निवण्यापूर्वी त्यावर फेल्ट अंथरावयाचे. बादली कलंडली तर हातापायांची कातडी निघत असे. तरीही जवळजवळ शंभर वर्षे जगातील कारखान्यांची व गोदामांची सपाट छपरे अशीच झाकली गेली.

कारखान्याचे छप्पर गळले तर कोणी त्याचा गवगवा करीत नाही. पहिल्या महायुद्धानंतर मात्र नव्या वास्तुशिल्पकारांनी सपाट छप्पर राहत्या घरावर आणले आणि ते नव्या युगाचे चिन्ह म्हणून मिरविले. १९२८ मध्ये बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फ या उपनगरात ब्रूनो टाउट याच्या सपाट छपरांच्या वसाहतीशेजारीच प्रतिपक्षाने उतरत्या छपरांची वसाहत मुद्दाम उभारली. या प्रकरणाला लोकांनी छपरांचे युद्ध असे नाव दिले. फ्रान्समध्ये ल कॉर्ब्यूझिए याने गच्चीवरील बागेला आपल्या नव्या वास्तुशास्त्राच्या पाच तत्त्वांत स्थान दिले. पॅरिसजवळ प्वासी येथे १९२८ ते १९३१ या काळात त्याने बांधलेले व्हिला साव्हुआ हे घर आज जागतिक वारसा म्हणून जपले जाते. परंतु ज्यांच्यासाठी ते बांधले त्या साव्हुआबाईंची १९३० नंतरच्या दशकातील पत्रे वाचली तर वेगळेच चित्र दिसते. दिवाणखान्यात पाणी येते, उतरणीवर येते, न्हाणीघराच्या झरोक्यातून येते, मोटारखान्याची भिंत भिजून गेली आहे, अशा तक्रारी त्यांनी पुनःपुन्हा केल्या. शिल्पकाराची कल्पना त्या वेळच्या डांबराच्या शक्तीपेक्षा पुढे धावली होती, असा याचा अर्थ घ्यावा लागतो. हाच शिल्पकार पुढे अहमदाबादेत साराभाई कुटुंबासाठी घर बांधताना छतावर माती व हिरवळ घालतो, तेव्हा बाबिलोनच्या त्या वर्णनाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

भारतात सपाट छपराची परंपरा स्वतंत्र होती व ती प्रांतोप्रांती निराळी होती. उत्तरेकडे छतावर मातीचा थर देऊन त्यावर विटांच्या लाद्या बसवीत. मद्रासकडे सागवानी तुळयांवर कडेवर उभ्या केलेल्या विटांची गच्ची असे. मुंबई-पुण्याकडे चुन्याचा कोबा असे. विटांचे तुकडे, भिजविलेला चुना आणि सुरखी यांचे मिश्रण उतार देऊन पसरावयाचे, त्यावर गुळाचे व बेलफळाच्या गराचे पाणी शिंपडावयाचे आणि स्त्रियांच्या रांगांनी लाकडी चोपण्यांनी ते दिवसचे दिवस चोपावयाचे. चोपणी आपटल्यावर उसळू लागली आणि तिचा नाद बदलला की कोबा बसला असे समजत. कठड्याच्या मुळाशी जेथे भिंत व गच्ची मिळते, तेथे काटकोन न ठेवता गोलसर वाटा भरीत. या कामात घाई चालत नसे आणि कोणा एकाच्या कौशल्यावर सारे अवलंबूनही नसे. पन्नास हातांनी आठ दिवस चोपलेल्या थरात सांधा असा नसतोच. एका बाईचा हात हलका पडला तर दुसरीचा तेथे पडून जातो.

परंतु कोबा जड असतो. दहा सेंटीमीटर जाडीच्या थराचा भार दर चौरस मीटरला दोनशे किलोग्रॅमच्या जवळपास जातो. त्यातून गळती सुरू झाली की जुन्या कोब्यावर नवा कोबा घालण्याची सोपी वाट लोक धरतात आणि इमारतीच्या माथ्यावरील ओझे वाढत जाते. विसाव्या शतकात काँक्रीटची स्लॅब सर्वत्र आली. काँक्रीट दगडासारखे दिसले तरी सच्छिद्र असते. दिवसा उन्हाने ते प्रसरते, रात्री आकसते आणि त्याला भेगा जातात. भेगेतून पाणी लोखंडी सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. आधी छताच्या रंगाला पोपडे येतात, मग गिलाव्याचा तुकडा पडतो, मग सळई उघडी दिसते. गच्चीची गळती ही केवळ ओलीची कटकट नव्हे. दुर्लक्ष झाले तर ती स्लॅबचाच घात करते. तागाच्या कापडावर किंवा फेल्टवर चढविलेल्या डांबराच्या गुंडाळ्या भारतातही वापरात आल्या आणि भारतीय मानक संस्थेने त्यांचे नियम ठरवून दिले. परंतु भारतातील उन्हात गच्चीचा पृष्ठभाग साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. साध्या डांबराला तो ताप वर्षानुवर्षे सोसणे कठीणच होते.

या अडचणीतून वाट निघाली ती इटलीत, आणि तीही आडवळणाने. ११ मार्च १९५४ रोजी मिलानच्या तंत्रविद्यालयातील प्राध्यापक जूलिओ नात्ता यांनी प्रॉपिलीन वायूपासून एक नवे प्लॅस्टिक मिळविले. त्याच्या रेणूंची साखळी दोन प्रकारांनी तयार होत होती. एका प्रकारात साखळीच्या बाजूच्या फांद्या सैनिकांच्या रांगेप्रमाणे एकाच अंगाला होत्या. दुसऱ्यात त्या कशाही विखुरलेल्या होत्या. नात्ता यांच्या पत्नी रोझीता बेआती या साहित्याच्या पदवीधर होत्या. त्यांनी ग्रीक शब्दांवरून पहिल्याला आयसोटॅक्टिक व दुसऱ्याला अटॅक्टिक, म्हणजे क्रमहीन, अशी नावे सुचविली. क्रमबद्ध प्लॅस्टिक कठीण, हलके व उपयोगी होते. मोंतेकातीनी कंपनीने १९५७ मध्ये फेर्रारा येथे त्याचा कारखाना काढला आणि घरोघरी त्याच्या बादल्या गेल्या. १९६३ मध्ये नात्ता यांना कार्ल झीग्लर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. क्रमहीन भाग मात्र मेणासारखा चिकट होता आणि कारखान्याला तो नकोसा झाला होता. वायुगृहांतील डांबराची जी गत झाली तीच याची झाली.

१९६० नंतरच्या दशकात इटालियन तंत्रज्ञांनी हा टाकाऊ चिकटा तापलेल्या डांबरात मिसळून पाहिला. थोडा घातला तर फारसा फरक पडेना. पण त्याचे प्रमाण शेकडा वीस ते तीसपर्यंत नेले तेव्हा मिश्रणाचा स्वभावच पालटला. आता डांबरात प्लॅस्टिकचे थेंब तरंगत नव्हते. प्लॅस्टिकच्या अखंड जाळ्यात डांबराचे कण अडकून बसले होते. असे मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत ओघळत नाही आणि उन्हाच्या माऱ्यासही पुष्कळ टिकते. फ्रान्स व जर्मनी या देशांत रबरासारख्या दुसऱ्या एका द्रव्याची डांबराशी सांगड घालण्यात आली. तो प्रकार थंड प्रदेशास अधिक मानवला, कारण कडाक्याच्या थंडीतही तो लवचिक राहतो. भारतासारख्या उष्ण देशात इटालियन प्रकाराचा प्रसार झाला हे ओघानेच आले. पुढे नव्या उत्प्रेरकांमुळे प्लॅस्टिकच्या कारखान्यांत हा क्रमहीन अवशेष निघेनासा झाला आणि छपराच्या पट्ट्यांसाठी तो मुद्दाम बनविण्याची वेळ आली, ही या कथेतील एक गमतीची गोष्ट आहे.

या मिश्रणामुळे पद्धतच बदलली. भट्टी, बादली व कुंचा यांची गरज उरली नाही. कारखान्यातच पॉलिएस्टरच्या किंवा काचतंतूंच्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी हे डांबर चढवून तीन ते चार मिलिमीटर जाडीचा, एक मीटर रुंद व दहा मीटर लांब असा पट्टा तयार होतो. गुंडाळीचे वजन सुमारे चाळीस किलोग्रॅम भरते. एक माणूस ती खांद्यावर घेऊन जिना चढू शकतो. कोब्याच्या दोनशे किलोग्रॅमच्या जागी येथे दर चौरस मीटरला चार-पाच किलोग्रॅमचाच भार पडतो. पट्ट्याच्या खालच्या अंगास पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. गॅसच्या बर्नरची ज्योत लागताच तो वितळून जातो, त्यामागचे डांबर चकाकू लागते आणि त्याच क्षणी गुंडाळी पुढे सरकवून ते जमिनीवर दाबले जाते.

काम सुरू होते ते मात्र ज्योतीने नव्हे, झाडूने. गच्ची स्वच्छ व कोरडी असावी लागते. उतार निदान शंभरास एक इतका तरी असावा लागतो. कठड्याच्या मुळाशी वाटा भरलेला असावा लागतो, कारण डांबरी पट्टा काटकोनात वाकविला की तेथेच मोडतो. जुन्या गवंड्यांचा वाटा येथे कायम राहिला. नंतर पातळ डांबराचा प्रायमर लावून तो सुकू द्यावयाचा. गच्चीत ओल राहिली असेल तर ज्योतीच्या तापाने पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. पट्ट्याखाली कोंडलेली ही वाफ फोड उठविते. पावसाळा तोंडावर आला म्हणून ओल्या गच्चीवर उरकलेले काम पुष्कळदा अशाच फोडांनी फसते.

पहिला पट्टा सर्वांत सखल जागी, पाणी जाण्याच्या तोंडापाशी पडतो. दुसरा त्याच्या वरच्या बाजूस, त्याची कड पहिल्यावर दहा सेंटीमीटर चढवून. म्हणजे वाहते पाणी सांध्यावरून जाते, सांध्यात शिरत नाही. कौले घालणाराही वळचणीपासूनच वर चढतो; उतरत्या छपराची ही एक रीत सपाट छपराने मुकाट्याने स्वीकारली आहे. पट्ट्याच्या शेवटी जेथे दुसरी गुंडाळी जोडावयाची तेथे चढ पंधरा सेंटीमीटरांचा असतो, आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांचे असे जोड एका रेषेत येऊ देत नाहीत. कठड्यावर पट्टा निदान पंधरा सेंटीमीटर वर नेऊन त्याची कड भिंतीतील खाचेत बुजवितात. नळ, खांब, पाणी जाण्याची तोंडे व कोपरे यांना आधी लहान तुकड्यांचे ठिगळ देतात, मग मुख्य पट्टा.

आता ज्योत. कारागीर बर्नर इंग्रजी एल् अक्षराच्या आकारात फिरवितो: गुंडाळीच्या रुंदीवरून आडवा आणि मग शेजारच्या पट्ट्याच्या कडेवरून उभा. तापाचा मोठा वाटा गुंडाळीला, थोडा जमिनीला व कडेला. तिचा पृष्ठभाग तेलासारखा चमकला की वेळ झाली. त्याआधी दाबले तर प्लॅस्टिकचा पापुद्रा मध्ये तसाच राहतो; सांधा चिकटल्यासारखा दिसतो, पण चिकटलेला नसतो. अधिक तापविले तर डांबरातील ते इटालियन जाळे जळून जाते आणि आतला पॉलिएस्टरचा पडदा उघडा पडतो. या दोहोंमधील अवधी काही सेकंदांचा आहे. तो साधला की सांध्याच्या कडेने वितळलेल्या डांबराची बारीक मण्यांसारखी रेघ बाहेर येते. ती रेघ अखंड असेल तर सांधा एकजीव झाला. जेथे ती तुटली तेथे शंका घ्यावयाची. सांधा निवल्यावर थापीचे टोक कडेखाली घालून पाहावयाचे. टोक आत गेले तर पुन्हा ज्योत.

दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा साध्या गच्चीचा हिशेब केला तर पट्ट्यांच्या केवळ बाजूच्या सांध्यांचीच लांबी सुमारे शंभर मीटर भरते. कठड्याचा चाळीस मीटरांचा सांधा वेगळा. यांपैकी बोटभर जागा चुकली तरी पाण्याला पुरते. शिवाय पाणी आत शिरते एके ठिकाणी आणि छतातून टपकते दुसऱ्याच ठिकाणी, म्हणून नंतर ती जागा शोधणे महाकठीण होते. पट्टा कारखान्यातून येतो, त्याची जाडी यंत्राने मोजलेली असते, त्याच्या पोटात कोठे छिद्र नसते. सारा धोका कडेशी साठलेला असतो, आणि ती कड एका माणसाच्या नजरेवर सोपविलेली असते. कोब्याच्या काळी जे काम पन्नास हात आठ दिवस करीत, त्याचा सारा भार आता वाकून उभ्या असलेल्या एका कारागिराच्या मनगटावर आला. मे महिन्याच्या दुपारी, पायाखाली तापलेली स्लॅब व हातात धडधडणारी ज्योत घेऊन, तो शंभर मीटरांपैकी नव्वदावा मीटर पहिल्याइतक्याच सावधपणे जोडील, या भरवशावर खालचे बिऱ्हाड झोपते. त्याला मजुरी मात्र बहुधा चौरस फुटांवर मिळते, सांध्यांवर नव्हे, आणि हा हिशेब त्याला घाई करावयास लावतो.

ज्योतीचा आणखी एक धोका आहे. काँक्रीटच्या स्लॅबवर तो फारसा जाणवत नाही. लाकडी छपरावर मात्र ज्योत फटीतून आत जाते, भुसा किंवा जुने फेल्ट धुमसू लागते आणि कामगार घरी गेल्यावर आग वर येते. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातील अपपार्क या सतराव्या शतकातील वाड्याला ३० ऑगस्ट १९८९ रोजी अशीच आग लागली. तेथे काम डांबराचे नव्हते, छपरावरील शिशाच्या पत्र्याचे होते. पण कारण कामगाराच्या हातातील ज्योतच होती, आणि दुरुस्ती संपावयास अवघे दोन दिवस उरले होते. वाडा पुन्हा उभारून १९९५ मध्ये लोकांस खुला करण्यात आला. अशा अनुभवांमुळे पाश्चात्त्य देशांत ज्योत विझविल्यावरही काही तास कोणीतरी छपरावर पहारा करावा असा दंडक पडला, आणि लाकडाजवळ ज्योतीऐवजी आपोआप चिकटणारे पट्टे वापरण्याकडे कल वाढला.

मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांत गच्ची हा विषय वर्षानुवर्षे चालतो. पावसाने झालेल्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावी असे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. तरी वरच्या मजल्याच्या छतासाठी तळमजल्याने पैसे का द्यावे, हा प्रश्न कोणी ना कोणी काढतोच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी शंभर चौरस मीटरांच्या एका गच्चीवर चौऱ्याण्णव हजार लिटर पाणी उतरले, असा याचा अर्थ होतो. अशा शहरात पुष्कळ संस्थांनी डांबर, कोबा व रसायने या सर्वांचा नाद सोडून गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून उतरते पत्रे घातले आहेत. विमानातून पाहिले तर दिसतात ते हे पत्रे, आणि त्यांच्यामध्ये जूनपूर्वी पसरलेली निळी प्लॅस्टिके.

ज्या गच्चीवर अजून डांबराचा पट्टा आहे, तेथे काम संपल्यावर एक जुनी परीक्षा घेतात. पाणी जाण्याची तोंडे चिंध्या व माती यांनी बुजवितात, नळीने गच्चीवर चार बोटे पाणी भरतात आणि ते अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवतात. वर कारागीर कडेकडेने फिरून बुडबुडे येतात का ते पाहतो. खालच्या मजल्यावर घरातील कोणीतरी दिवा लावून छताकडे पाहत बसलेले असते.